पिकन पाई : कलम, कवच आणि पाक



आजचा पदार्थ अमेरिकेतला आहे, पिकन पाई. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. सगळं घर एका टेबलाभोवती जमतं, भाजलेली टर्की असते आणि शेवटी गोडाला दोन-तीन तऱ्हेच्या पाई असतात. भोपळ्याची असते, सफरचंदाची असते. दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेक्सास, लुईझियाना, जॉर्जिया अशा भागांत, पिकनची पाई हवीच. पाडव्याला श्रीखंड नसेल तर आपल्याकडे कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, तसंच त्यांचं.

हा विषय घेण्याची दोन कारणं आहेत. आपल्या मालिकेच्या बऱ्याच श्रोत्यांची मुलं, नातवंडं अमेरिकेत आहेत. ती तिकडे हा पदार्थ करून बघतात आणि तक्रार एकच असते, "मध्ये पातळ राहिली." त्याचं उत्तर द्यायचं आहे. दुसरं कारण माझ्या पेशातलं. सैन्य पोटावर चालतं म्हणतात. पण पोटापर्यंत अन्न पोचवायला मागे किती हात राबतात, हे रसद सांभाळणाऱ्यालाच कळतं. त्यामुळे कुठलंही ताट समोर आलं की मला सवयीनं पहिला प्रश्न पडतो, हे इथवर आणलं कुणी? पिकन पाईच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर जितकं मोठं आहे, तितकंच ते कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून आधी ते सांगतो, मग कृती.

पिकन म्हणजे काय?

पिकन हा अक्रोडाच्या कुळातला. गर अक्रोडासारखाच वळ्यावळ्यांचा, पण लांबट. कवच गुळगुळीत, तपकिरी. चव अक्रोडापेक्षा गोडसर, कडवटपणा कमी. झाड प्रचंड वाढतं आणि शंभर वर्षं सहज जगतं. त्याचं मूळ घर म्हणजे मिसिसिपी नदीचं खोरं, टेक्सास आणि उत्तर मेक्सिको. नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांमधून आलेलं आहे. दगडानं फोडावं लागतं असं कठीण कवचाचं फळ, असा त्याचा अर्थ सांगतात. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

युरोपातली माणसं येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक हंगामात पिकनवर गुजराण करत. काबेसा दे वाका हा स्पॅनिश प्रवासी 1530च्या दशकात टेक्सासमध्ये भटकला. नदीकाठची ही फळं खाऊन लोक राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन या दोघांनीही आपापल्या बागेत पिकनची झाडं लावली.

पण एक अडचण होती. आपला रायवळ आंबा आठवा. चांगल्या झाडाची कोय लावली म्हणून तसाच आंबा येईल याची खात्री नाही. कधी साखर, कधी आंबट, कधी नुसता दोऱ्यांचा. पिकनचंही तसंच. बी लावलं तर फळ लहान निघेल की मोठं, कवच जाड की पातळ, काही सांगता येत नाही. फळ धरायलाही बरीच वर्षं लागतात. त्यामुळे पिकनची बाग धरणं हा जुगारच होता. हापूस कलमावाचून जगभर गेला नसता, तसाच पिकनही कलमावाचून बाजारात आला नसता. आणि ते कलम साधेना.

ते साधलं एका गुलामाच्या हाताला

लुईझियानात मिसिसिपी नदीच्या काठी ओक अ‍ॅली नावाचा उसाचा मळा होता. वास्तू आजही उभी आहे, पर्यटक जातात. त्या मळ्यावर अंत्वान नावाचा माळी होता. तो गुलाम होता. 1846-47च्या हिवाळ्यात त्यानं उत्तम, पातळ कवचाच्या पिकनच्या काड्या आणून त्यांची सोळा झाडांवर कलमं केली आणि ती जगवली. पिकनचं कलम यशस्वी झाल्याची ही पहिली मोठी नोंद. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तोवर त्या मळ्यावर अशी शंभराहून अधिक कलमी झाडं उभी होती.

1876 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली. फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. त्यात या झाडांची फळं ठेवली गेली, त्यांना बक्षीस मिळालं आणि त्या जातीचं नाव पडलं 'सेंटेनियल', म्हणजे शताब्दी. प्रदर्शनात फळं मांडणारा मळ्याचा नवा मालक होता. अंत्वानचं नाव तिथे कुठे नव्हतं.

त्याचं नाव आपल्यापर्यंत आलं ते वेगळ्याच कागदातून. 1848 साली मळ्याचा पहिला मालक वारला, तेव्हा मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत भांडीकुंडी, जनावरं यांच्यासोबत माणसंही होती. त्यात अंत्वान होता, पिकनची कलमं बांधण्यात निष्णात असा माळी, आणि त्याच्या नावापुढे डॉलरमधली किंमत. आडनाव नाही. पुढे त्याचं काय झालं, हे त्या कागदात नाही. त्यानं बांधलेली मूळ झाडंही नंतर उसाला जागा हवी म्हणून तोडली गेली. पण आज जगातल्या पिकनच्या बहुतेक बागा कलमी आहेत. वाट त्यानं दाखवली.

कवच कोण फोडणार?

झाड मिळालं, फळ मिळालं. आता ते नाव आठवा, दगडानं फोडायचं फळ. एका पाईला सुमारे 200 ग्रॅम गर लागतो. तो घरी सोलायला बसलात तर तास-दीड तास जातो, आणि अख्ख्या पाकळ्या निघाव्यात अशी इच्छा असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे कोकणात, गोव्यात काजूच्या कारखान्यांत बायका काजू फोडतात, त्याच्या तेलानं बोटं सोलून निघतात. काजूगराच्या पाकिटावर ते दिसत नाही. पिकनचीही तीच कथा.

1930च्या दशकात पिकन सोलण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे टेक्सासमधलं सॅन अँटोनियो शहर. सोलायची यंत्रं तेव्हा निघालेली होती. पण मालकांनी ती बाजूला ठेवली, कारण माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडत होता. ही माणसं म्हणजे बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. कोंदट खोल्यांत, लांबलचक बाकांवर दाटीवाटीनं बसून त्या दिवसभर गर काढत. टरफलांची बारीक धूळ छातीत जाई. त्या वस्तीत क्षयाचं प्रमाण फार होतं. मजुरी गराच्या वजनावर, आठवड्याला दोन-तीन डॉलर.

1938च्या जानेवारीत तीही मजुरी कापली. पौंडामागे सहा-सात सेंट मिळत, ते पाच-सहा झाले. 31 जानेवारीला कामगार बाहेर पडले. सुमारे 12,000 माणसं. पुढे होती एमा तेनायुका, वय वर्षं एकवीस. शेकडो लोकांना अटक झाली, अश्रुधूर सोडला गेला. पाचेक आठवड्यांनी प्रकरण लवादाकडे गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा देशव्यापी कायदा आला, तासाला पंचवीस सेंट. आता माणूस यंत्रापेक्षा महाग झाला. मग मालकांना ती यंत्रं आठवली आणि पुढच्या काही वर्षांत हजारो बायकांचं काम गेलं.

हे सांगताना मला कुणाची बाजू घेऊन भाषण करायचं नाही. एवढंच म्हणतो, दुकानात पिकनच्या अख्ख्या, न तुटलेल्या पाकळ्या सहज मिळू लागल्या तेव्हाच ही पाई घराघरांत गेली. आणि त्या पाकळ्या कुणाच्या तरी बोटांनी सोललेल्या होत्या.

मग पाई कुणी शोधली?

तिकडे दोन गोष्टी सांगतात. एक अशी की न्यू ऑर्लीन्सला आलेल्या फ्रेंच लोकांनी पिकन चाखताच ही पाई केली. त्याला पुरावा सापडत नाही. दुसरी अशी की मक्यापासून साखरेचा पाक बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं 1930च्या दशकात ती शोधून काढली. हा पाक 'कॅरो' या नावानं 1902 साली बाजारात आला आणि डब्यावरच्या कृतीमुळे पाईचा प्रसार झाला, हे खरं. पण शोध तिथला नाही, कारण पिकन पाईच्या कृती 1880च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या. त्यात दूध, अंडी, साखर आणि पिकन असे. म्हणजे ती पिकन घातलेली कस्टर्डची पाई होती. मक्याचा पाक आल्यावर दूध गेलं आणि आजचं चिकट, चकचकीत रूप आलं.

डब्यावर कृती छापणाऱ्याची आठवण राहते. कलम करणारा आणि कवच फोडणाऱ्या राहून जातात. हे आपल्या पदार्थांच्या बाबतीतही होतंच.

आता करायला घेऊ

नऊ इंची, म्हणजे 23 सेंटिमीटरची पाई. आठ-दहा माणसांना पुरते. वजनकाटा असेल तर वापरा.

पारी : मैदा 160 ग्रॅम, थंडगार लोणी म्हणजे बटर 115 ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे.

सारण : पिकन 200 ग्रॅम, अंडी तीन, तपकिरी साखर 150 ग्रॅम, पाक एक कप म्हणजे 240 मिलिलिटर, वितळलेलं बटर 60 ग्रॅम, व्हॅनिला एक लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. मीठ वगळू नका, नाहीतर नुसता गोडमिट्ट प्रकार होईल.

पारीपासून सुरुवात. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे उलट आहे. बटर थंड हवं आणि त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच दिसायला हवेत. भट्टीत गेल्यावर ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे पापुद्रे सुटे करते. चिरोट्यात साटा जे काम करतो तेच. म्हणून हात कमी लावा, पाणी जेमतेम घाला, मळू नका, फक्त गोळा जुळवा. तो तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग लाटून टिनमध्ये बसवा, कडा दुमडून घ्या आणि पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये.

ही पारी सारणाआधी एकटीच भाजायची. तिच्यावर बटर पेपर घालून त्यावर राजमा किंवा चणे पसरा, म्हणजे ती फुगणार नाही. 200 अंश सेल्सिअसला पंधरा-अठरा मिनिटं. मग कागद आणि चणे काढून आणखी पाच-सात मिनिटं. हा टप्पा टाळला तर तळ ओला राहतो.

पिकन 175 अंशाला सात-आठ मिनिटं भाजून घ्या. त्याआधी एक तुकडा चावून बघा. पिकनमध्ये सुमारे सत्तर टक्के तेल असतं, त्यामुळे तो लवकर खवट होतो. खवट पिकनला कुठलाही पाक वाचवू शकत नाही. उरलेला माल हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्या देशात हिमाचल प्रदेशाच्या कमी उंचीच्या भागात थोडा पिकन होतो, बाकीचा बाहेरून येतो आणि महाग पडतो. काश्मिरी अक्रोड वापरायला हरकत नाही. भाजून कापडात चोळून त्याची कडवट साल काढा, आणि तिला अक्रोडाची पाई म्हणा.

आता पाक. मक्याच्या पाकाचं काम गोडी आणणं एवढंच नाही. नुसत्या साखरेचा पाक थंड झाला की साखरतो, दाणे धरतो. आपण त्यात लिंबाचे थेंब टाकतो, म्हणजे साखर तुटून तिचे दोन वेगळे प्रकार होतात आणि दाणे धरत नाहीत. मक्याच्या पाकात मुळातच ग्लुकोज असतं, म्हणून तो सारणाला गुळगुळीत ठेवतो. तो मिळाला नाही तर 250 ग्रॅम साखर, 80 मिलिलिटर पाणी आणि एक लहान चमचा लिंबाचा रस मंद आचेवर एकतारी होईपर्यंत उकळा. मोजून एक कप घ्या आणि गार करून वापरा.

त्याहून चांगला मार्ग आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे आहे, काकवी. लुईझियाना उसाचा मुलूख. तिथे उसाचा रस आटवून केलेला पाक घरोघर असे आणि आजही तिथले बरेच लोक पाईत तो घालतात. ती काकवीचीच बहीण. पाऊण कप साधा पाक आणि पाव कप काकवी घ्या. रंग गडद येतो आणि गोडीला जरा खोली येते.

सारण साधं आहे. अंडी, साखर, पाक, बटर, व्हॅनिला, मीठ एकत्र करा, पण फेटून फेस आणू नका. भाजलेले पिकन पारीत पसरा आणि वरून मिश्रण ओता. पिकन हलके असल्यामुळे आपोआप वर येतात आणि वरच्या वर खरपूस होतात. 175 अंशाला पन्नास ते साठ मिनिटं. अर्ध्या तासानं कडांवर फॉइल लावा, नाहीतर त्या करपतील.

मध्ये पातळ का राहते?

आता त्या तक्रारीकडे. ही पाई पाकानं घट्ट होत नाही, अंड्यानं होते. खरवस कसा थापतो, तसंच. उष्णतेनं अंड्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि पातळ मिश्रणाला धरून ठेवतात. पण साखर भरपूर असली की ही गुंतण्याची क्रिया उशिरा, जास्त तापमानाला होते. म्हणून चाळीस मिनिटांत वरून तपकिरी दिसली तरी आत कच्ची असते. रंगावर विसंबू नका.

टिन हळूच हलवून बघा. कडेचा भाग स्थिर आणि किंचित फुगलेला असावा. मधला तळहाताएवढा भाग कवडीच्या दह्यासारखा थरथरावा. पाण्यासारखी लाट आली तर आणखी दहा मिनिटं. अजिबात हलत नसेल तर उशीर झाला. प्रथिनं जास्त आवळली की पाणी सोडतात आणि पाईला तडे जातात. तापमापक असेल तर मध्यभागी 93 अंश.

आणि मग सगळ्यात अवघड काम, थांबणं. भट्टीतून काढल्यावर आतल्या उष्णतेनं ती थोडी शिजतच राहते. पाकही गार होता होताच घट्ट होतो. वड्या थापल्या थापल्या कापल्या तर काय होतं, ते घरातल्या बायकांना विचारा. किमान चार तास हात लावू नका. "मध्ये पातळ राहिली" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी पाई नीट भाजलेली असते, फक्त गरम असताना कापलेली असते. आदल्या दिवशी संध्याकाळी करून ठेवणं उत्तम. उरलेली फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सांगतो. कॉर्नफ्लोअर आणि दूध घालून सारण घट्ट करता येतं आणि ते चवीला चांगलंही लागतं. पण तो पदार्थ वेगळा. त्याला आनंदानं खा, फक्त तुलना करू नका.

शेवटी

टेक्सासनं 1919 साली पिकनला राज्यवृक्ष ठरवलं. त्यामागे एक गोष्ट आहे. तिथले माजी गव्हर्नर जेम्स हॉग 1906 साली वारले. त्यांची इच्छा होती की आपल्या थडग्यावर दगडी स्मारक नको. उशाशी पिकनचं आणि पायाशी अक्रोडाचं झाड लावा, आणि त्यांची फळं साध्या माणसांना वाटा, म्हणजे ती आणखी झाडं लावतील. गव्हर्नरांच्या वाट्याला झाडाचं स्मारक आलं. अंत्वानच्या वाट्याला तेही आलं नाही.

थँक्सगिव्हिंग या शब्दाचा अर्थच आभार मानणं. तेव्हा तिकडची तुमची मुलं या नोव्हेंबरात पाई करणार असतील तर कृतीबरोबर ही दोन नावंही त्यांना कळवा, अंत्वान आणि एमा तेनायुका. टेबलावर पाई कापताना घरातल्या मुलांना एका मिनिटात सांगून होतील. आणि इकडे काजूकतली खाताना काजू फोडणाऱ्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, पण ती आहे एवढं तरी आठवावं.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.

जय हिंद.